पी५३ किती टिकतं हे मोजताना या चुका टाळा

निरोगी पेशीत पी५३ या कर्करोग रोखणाऱ्या प्रथिनाचं अर्धायुष्य साधारण २० मिनिटांचं. एमडीएम२ हे एन्झाइम त्याच्यावर युबिक्विटिन या छोट्या प्रथिनाची साखळी चढवतं आणि प्रोटिअसोम हे पेशीतलं प्रथिनं मोडणारं यंत्र त्याचे तुकडे करतं. हे सगळ्यांना तोंडपाठ असतं. तरीही चेस (नवं प्रथिन बनणं थांबवून जुनं किती वेळात संपतं ते पाहणं) करायला बसलं की नवी मुलं ०, ४ आणि ८ तासांनी पेशी उचलतात, कारण भलत्याच प्रथिनाचा प्रोटोकॉल समोर असतो. पहिल्या लेननंतर ब्लॉट, म्हणजे प्रथिन पट्ट्यांच्या रूपात दाखवणारा पडदा, कोरा. प्रथिन बनणं थांबवणारं सायक्लोहेक्झिमाइड घातल्यावर मी ०, १०, २०, ४० आणि ६० मिनिटांनी उचलते. प्रत्येक वेळेची प्लेट वेगळी, आणि वेळ झाली की ती थेट बर्फावर.

सगळ्यात जास्त दिवस खाते ती सेल लाइनची चूक. आमच्याकडे एक मुलगा तीन महिने हेला पेशींना नटलिन देत होता. नटलिन एमडीएम२ला पी५३ धरू देत नाही, म्हणजे पी५३ वाढायला हवं. वाढेना. त्याने अँटिबॉडी बदलली, नटलिनची नवी कुपी मागवली, जेलमधून पडद्यावर प्रथिनं नेणारा ट्रान्सफर रात्रभर करून पाहिला. शेवटी विषयच सोडतो म्हणाला. वही उघडून सेल लाइनचं नाव वाचलं आणि माझ्या पोटात धस्स झालं. हेलामध्ये एचपीव्ही-१८ या विषाणूची जनुकं आहेत. त्यांचं ई६ प्रथिन ई६एपी या दुसऱ्याच एन्झाइमला हाताशी धरून पी५३ संपवतं. तिथे एमडीएम२ अडवून काय होणार? मूळ पी५३ असलेल्या एचसीटी११६ पेशी घेतल्या आणि पहिल्याच ब्लॉटवर ठसठशीत बँड आला. तेव्हापासून पेशींमधलं पी५३ मूळ आहे, उत्परिवर्तित आहे की विषाणूच्या ताब्यात, हे वहीच्या पहिल्या पानावर लिहिल्याशिवाय मी कुणाला फ्लास्क देत नाही.

प्रोटिअसोम अडवणारं एमजी१३२ रात्रभर ठेवू नका, पेशी मरायला लागतात. ४ ते ६ तास पुरतात. नुसत्या डीएमएसओची (औषध ज्यात विरघळवतो त्या द्रावकाची) प्लेट सोबत हवीच.

ब्लॉटवर युबिक्विटिनची शिडी (एकावर एक पट्ट्या) दिसत नसेल तर आधी लाइसिस बफर, म्हणजे पेशी फोडायचं द्रावण, पाहा. पेशी फुटल्या तरी साखळ्या तोडणारी एन्झाइमं काम करतच राहतात. त्यांना अडवायला मी दर वेळी एन-इथाइलमॅलिमाइड ताजं विरघळवून घालते. गेल्या आठवड्याचं चालेल का, असं विचारू नका. त्याच बफरमध्ये डीटीटी हे रसायन घातलंत तर ताजं एन-इथाइलमॅलिमाइडही निकामी होतं.

शेवटची चूक घाईने विचार करण्याची. यूएसपी७ हे एन्झाइम पी५३वरच्या साखळ्या सोडवतं, म्हणून ते काढलं की पी५३ घटणार, असं धरून चालतात. एचसीटी११६मधून यूएसपी७चं जनुक काढलं तेव्हा उलट पी५३ वाढलं. कारण यूएसपी७ एमडीएम२लाही वाचवतं. ते गेलं की एमडीएम२ स्वतःच संपतं आणि पी५३ मोकळं सुटतं. एमडीएम२चा ब्लॉट शेजारी नसेल तर यूएसपी७बद्दलचा मसुदा मी न वाचता परत करते.