ह्युमिक घेताना मी आता काय बघतो (माझा अनुभव)

अथणी साईडला कृष्णाकाठचं आमचं रान काळं, पाणी पाजलं की चिकट आणि वाळलं की भेगा, उसाला फुटवे (बुडातून येणारे नवे कोंब) कमी म्हणून दुकानदारानं ह्युमिक दिलं (सेंद्रिय पदार्थ कुजून बनणारं काळं आम्ल, पावडर करून जमिनीला देतात), ९८ टक्के म्हणे. कशाचे ९८ ते पुड्यावर नव्हतंच! पाणी काळंभोर झालं, ऊस होता तसाच.

मग दुसऱ्या कंपनीचं थोडं आणून दोन्हींची टेस्ट केली. काचेच्या ग्लासात थोड्याच पाण्यात चिमूटभर पावडर विरघळवायची आणि अख्खं लिंबू पिळायचं. खरं ह्युमिक आंबट पाण्यात विरघळून राहत नाही, नासलेल्या दुधासारखं फाटतं आणि तपकिरी गाळ तळाला बसतो, वर पिवळसर पाणी राहतं ते फुल्विकचं (ह्युमिकचाच भाऊ, पण आंबट पाण्यातही विरघळून राहतो). नवीन पुड्याचं तसंच झालं, आधीचं मात्र सकाळपर्यंत काळंच, म्हणजे बहुतेक मळी (मोलॅसिस) नाहीतर रंग. (नुसतं फुल्विक असेल तर ही टेस्ट चालत नाही हं.)

२०२१ पासून ह्युमिक-फुल्विक खत नियंत्रण आदेशात बायोस्टिम्युलंट (पिकाच्या वाढीला चालना देणारं, स्वतः अन्न नव्हे) म्हणून आलंय, तेव्हा लेबल नीट वाचा, पोटॅशियम ह्युमेट (ह्युमिकचं पाण्यात विरघळणारं रूप) किती ते बघा. आणि हे काय खत नव्हे, युरिया-पोटॅश बंद करून नुसतं हेच सोडलं तर ऊस उपाशी राहणार.

यंदा फुटवे बरे आहेत, पण शेणखतही भरपूर टाकलंय, त्यामुळं सगळं श्रेय पुड्याला मी देत नाही. ड्रिपमधून सोडताना फॉस्फरिक ॲसिड किंवा कॅल्शियम नायट्रेटबरोबर एकाच टाकीत मिसळू नका, गाळ होऊन फिल्टर चोक होतो.