जुनी पद्मिनी स्टार्ट होत नाहीये? कार्बोरेटर खोलायच्या आधी हे वाचा

पद्मिनी (म्हणजे जुनी फियाट), अॅम्बेसेडर अशा जुन्या गाड्यांच्या कामात नवीन आलेल्या पोरांना पहिलं सांगणं हेच, गाडी स्टार्ट होत नसेल तर पहिला पाना कार्बोरेटरला लावू नका. सगळे तेच करतात. कारण कार्बोरेटर वरच असतो, पटकन खोलता येतो, साफ केला की काहीतरी काम केल्यासारखं वाटतं आणि "कचरा होता काका" म्हटलं की गिऱ्हाईकालाही पटतं. गाडी मात्र तिथेच उभी.

इंजिनला हवा, पेट्रोल, करंट, कॉम्प्रेशन लागतं हे तुम्हाला माहीत आहे असं धरतो. सेल्फ (स्टार्टर मोटर) नीट फिरतोय पण इंजिन पकडत नाही, त्याबद्दलच बोलतोय. सेल्फ नुसता टकटक करत असेल तर टर्मिनल घासा, बॅटरी चार्ज करा, मग पुढे या. डिसेंबर-जानेवारीत आमच्या नाशिकला, निफाडकडे पारा उतरला की निम्म्या तक्रारी बॅटरीच्याच असतात. थंडीत बॅटरी ढिली पडते, ऑइल घट्ट होतं आणि सेल्फला डबल जोर लागतो.

आता मेन मुद्दा, इथे सगळे अडकतात आणि मीही बराच काळ अडकलो होतो. प्लग काढायचा, वायरला लावायचा, ब्लॉकला टेकवायचा, सेल्फ मारायचा, ठिणगी दिसली की "करंट ओके आहे, पेट्रोलचा लोचा आहे". हे असंच शिकवतात आणि हे अर्धवट आहे. प्लग बाहेर असताना त्याच्या गॅपमध्ये साधी हवा असते, तिच्यातून ठिणगी उडायला कमी व्होल्टेज पुरतं. सिलेंडरमध्ये पिस्टन वर आलेला असतो, हवा-पेट्रोल दाबलेलं असतं, दाब बाहेरच्या कितीतरी पट, आणि तोच गॅप ओलांडायला खूप जास्त व्होल्टेज लागतं. म्हणजे बाहेर उडणारी बारीक पिवळी ठिणगी आत गेल्यावर उडेलच असं नाही. तुम्हाला करंट दिसतोय आणि इंजिनला तो मिळतच नाहीये! मग तुम्ही पेट्रोलच्या मागे लागता, प्लग ओले निघतात, "ओव्हरफ्लो होतंय" म्हणून कार्बोरेटर परत खोलता. अरे ओले निघणारच ना, पेट्रोल येतंय पण जळत नाहीये.

म्हणून ठिणगी आहे का हे बघू नका, किती दमाची आहे ते बघा. कॉइलची (बॅटरीच्या करंटचं व्होल्टेज वाढवते ती) मधली वायर डेल्कोमधून (प्रत्येक प्लगला करंट वाटणारा डिस्ट्रिब्युटर) काढा, इन्सुलेटेड पकडीने ब्लॉकपासून 6 मिमीवर धरा आणि दुसऱ्याला सेल्फ मारायला सांगा. निळी-पांढरी, चट्ट आवाज करत उडी मारली तर ठीक. पिवळी, नारिंगी, कधी आली कधी नाही, तर गडबड कॉइलच्या आसपास आहे. हे करताना आजूबाजूला ओला प्लग, उघडं पेट्रोल, थिनरची बाटली काही नको. एअर क्लीनर काढून तोंडात पेट्रोल ओतत सेल्फ मारणाऱ्यांच्या भुवया जळालेल्या बघितल्यात, गमतीची गोष्ट नाही ही. फायर एक्स्टिंग्विशर हाताशी ठेवा, नसेल तर काम सुरू करू नका.

ठिणगी कमजोर असेल तर मल्टिमीटर घ्या. सेल्फ फिरत असतानाच कॉइलच्या प्लसवर व्होल्टेज बघा, गाडी शांत उभी असताना बघून उपयोग नाही. चार्ज बॅटरी उभ्या गाडीत 12.6 दाखवते आणि सगळे खूश होतात, पण सेल्फने खेचल्यावर कॉइलपर्यंत 9 च्या खाली येत असेल तर ठिणगीत दम कुठून येणार. आता मीटरची एक पिन बॅटरीच्या मायनसवर, दुसरी इंजिन ब्लॉकच्या उघड्या लोखंडावर, आणि परत सेल्फ. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त दाखवलं की अर्थ (बॅटरीच्या मायनसची इंजिन-बॉडीला असलेली जोडणी) खराब. रंगकाम करून आलेल्या गाड्यांना हे हमखास होतं, गंगापूर रोडच्या एका काकांच्या फियाटला कॉइल नवी, प्लग नवे, कंडेन्सर नवा, सगळं टाकून झालं होतं आणि अर्थची पट्टी ताज्या रंगावर आवळलेली होती. रंग खरवडला, लागली गाडी.

अर्थ ठीक असेल तर पॉइंट बघा, म्हणजे डेल्कोच्या आत कॉइलचा करंट जोडणारा-तोडणारा स्विच. पावसाळाभर उभी राहिलेली गाडी असेल तर पॉइंटवर थर बसतो, डोळ्याला दिसतही नाही. जाड कागदाची पट्टी मधे घालून ओढली तरी बऱ्याचदा काम होतं, पॉलिश पेपर मारलाच तर नंतर कागदाने कण पुसा. गॅप साधारण 0.4 ते 0.5 मिमी, कॅमच्या उंचवट्यावर पॉइंट पूर्ण उघडलेले असताना, फिलर गेजने (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या). हॅक्सॉ ब्लेड घालून गॅप लावणाऱ्या मिस्त्र्यांवर माझा राग आहे, ब्लेड 0.6 मिमीच्या आसपास असतं, गॅप मोठा झाला की पॉइंट मिटलेले राहायला वेळच कमी मिळतो, कॉइल भरत नाही, ठिणगी मरते. "आमच्या वेळी असंच करायचे" हे उत्तर नाही होऊ शकत.

पॉइंट उघडताना जाळ होऊ नये म्हणून कंडेन्सर असतो. तो खुला झाला (आतून तुटला) असेल तर पॉइंटमध्येच जाळ होतो आणि कॉइलमधून करंट जोरात निघत नाही, शॉर्ट असेल तर ठिणगीच नाही. नवा टाकला म्हणजे चांगलाच आहे असं नाही, बाजारातले बरेच कंडेन्सर फालतू असतात. जुना चालू कंडेन्सर सापडला तर फेकू नका.

एवढं वाचून टेन्शन घेऊ नका. या इंजिनात सेन्सर नाही, ईसीयू म्हणजे कॉम्प्युटर नाही, लपायला जागाच नाही. पद्मिनी आणि अॅम्बेसेडर दोन्हींचा फायरिंग ऑर्डर 1-3-4-2, वायरी उलटसुलट असतील तर पाच मिनिटांत कळतं. कार्बोरेटरमधून फाट फाट आवाज येत असेल तर डेल्को 180 अंश उलटा बसलाय का बघा, एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून इंजिन फिरवा, हवा अंगठ्याला ढकलते तो कॉम्प्रेशनचा स्ट्रोक.

आणि हो, पेट्रोलचा दोष कधीच नसतो असं मी म्हणत नाही. आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुने रबरी पाइप आणि पंपाचा पडदा खराब होतो, बरेच महिने उभ्या गाडीतलं पेट्रोल काचेच्या बाटलीत काढून बघा, तळाला पाणी वेगळं दिसलं तर टाकीच रिकामी करा. फक्त ते करंटनंतर.

शिकायचं कुठे हे बरेच विचारतात. त्र्यंबक रोडच्या आयटीआयमध्ये मीटर धरायला शिकलात तर ते आयुष्यभर पुरतं, पण पॉइंटचा हात बसतो तो जुन्या वस्तादाजवळच. वस्ताद कारण सांगत नाही, "कर" म्हणतो, तेव्हा चिडू नका, कारण घरी जाऊन स्वतः शोधा. अंबड किंवा सातपूर एमआयडीसीतली नोकरी मात्र इतक्यात सोडू नका. जुन्या गाड्यांवर पोट भरायला वेळ लागतो, रविवारचं काम म्हणून सुरू करा.

गिऱ्हाइकाचा फोन आला की निघायच्या आधी विचारून घ्या की चालता चालता बंद पडली की उभी होती, आणि शेवटचं काम कोणी काय केलं. बहुतेक वेळा भानगड त्या शेवटच्या कामातच असते. रंगकाम झालंय म्हणाले तर मीटरसोबत पॉलिश पेपर खिशात टाकूनच निघा.