जुन्या गाडीचा बाजारातला टेललाईट: बिघाड कुठून शोधायचा

सेकंडहँड बाईक गॅरेजला येते, तेव्हा मागचा मूळ दिवा बऱ्याचदा गेलेलाच असतो. त्या जागी एलईडीचा चपटा दिवा, सीटखाली पीळ मारून जोडलेल्या वायरी, वर काळी टेप. तक्रार ठरलेली: कधी लागतो, कधी लागत नाही. नवीन शिकणारा पोरगा सगळ्यात आधी दिवाच बदलतो. दोन दिवसांनी तीच गाडी परत दारात. दिवा क्वचितच खराब असतो. दहातल्या आठ-नऊ वेळा दोष जोडात असतो, नाहीतर अर्थिंगमध्ये, म्हणजे करंट बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत जातो त्या वाटेत. म्हणून कटर हातात घेण्याआधी मोजायला शिका.

मोजायला दोन वस्तू लागतात. एक साधा डिजिटल मल्टिमीटर. दुसरी वस्तू स्वतः बनवायची: १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब होल्डरमध्ये बसवा, दोन मीटरभर वायरी काढा आणि टोकांना क्लिपा लावा. हा टेस्ट लॅम्प मल्टिमीटरपेक्षा जास्त उपयोगी पडतो, आणि कारण नीट समजून घेण्यासारखं आहे. वायरीचे सगळे तार तुटून एकच कुजलेला उरला असला तरी मीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण मीटरला करंट जवळजवळ लागतच नाही. २१ वॅटच्या बल्बला मात्र पावणेदोन अँपिअर लागतात. त्या कुजलेल्या तारातून तेवढा करंट गेला की व्होल्टेज कोसळतं, बल्ब मिणमिणतो आणि खोटी वायर उघडी पडते. ‘मीटरवर करंट येतोय, पण दिवा लागत नाही’ असं कुणी म्हणालं की हाच प्रकार समजा. एक मात्र, फ्युएल इंजेक्शनच्या गाडीत ईसीयूच्या (इंजिन सांभाळणाऱ्या कॉम्प्युटरच्या) किंवा सेन्सरच्या वायरींना हा लॅम्प कधीही लावू नका.

आता रंग. बाजारातल्या एलईडी दिव्याला बहुधा तीन वायरी असतात आणि त्यांच्या रंगांना कसलाही नियम नाही. काळी म्हणजे अर्थ हे बऱ्याच वेळा खरं, नेहमी नाही. दिवा गाडीला जोडण्याआधी बॅटरीवर लावून बघा: काळी निगेटिव्हला, बाकीच्या दोन एकेक करून पॉझिटिव्हला. मंद लागते ती टेल, भगभगीत लागते ती ब्रेक. दोन मिनिटांचं काम आहे, पण ते टाळल्यामुळे अर्धे घोटाळे होतात.

गाडीच्या बाजूचे रंग मात्र कंपनीगणिक ठरलेले असतात. होंडा पद्धतीत, म्हणजे हिरो होंडाच्या काळातल्या स्प्लेंडर-पॅशनपासून युनिकॉर्नपर्यंत, हिरवी वायर अर्थची, तपकिरी टेलची आणि हिरव्यावर पिवळी रेघ असलेली ब्रेकची. काळी वायर या गाड्यांत चावी दिल्यावर येणारा पॉझिटिव्ह असतो. सगळा गोंधळ इथेच होतो. दिव्याची काळी गाडीच्या काळीला जोडली की दिव्याच्या दोन्ही टोकांना पॉझिटिव्ह! दिवा ढिम्म, आणि दोष येतो एलईडीवर. यामाहा पद्धतीत उलट काळी अर्थ, निळी टेल आणि पिवळी ब्रेक. एका कंपनीच्या गाडीवर शिकलेले रंग दुसरीवर चालवायचे नाहीत. आणि जुन्या गाडीत मधेच कुणीतरी वेगळ्याच रंगाची वायर घुसवलेली असते, म्हणून रंग ओळखला तरी मोजल्याशिवाय विश्वास ठेवू नका.

त्याहून महत्त्वाची गोष्ट एसी-डीसीची. डीसी म्हणजे बॅटरीचा एकाच दिशेने वाहणारा करंट, एसी म्हणजे सतत दिशा उलटवणारा. बहुतेक जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाईट आणि टेल बॅटरीवर चालत नाहीत. त्यांना इंजिनातल्या मॅग्नेट कॉईलकडून सरळ एसी पुरवठा जातो. ब्रेक लाईट, इंडिकेटर आणि हॉर्न तेवढे बॅटरीवर. त्यामुळे अशा गाडीत इंजिन बंद असताना टेल न लागणं हा बिघाड नाही. त्याच्यामागे तासभर घालवलेला नवशिका प्रत्येक गॅरेजमध्ये सापडतो. पण याच एसी वायरीवर बॅटरीसाठी बनवलेला एलईडी दिवा लावला की तो फडफडतो, रेस केल्यावर जास्त उजळतो आणि काही आठवड्यांत त्याचे एकेक ठिपके मरतात.

ओळखायची रीत सोपी. चावी चालू, लाईटचं बटण चालू, इंजिन बंद. टेलच्या वायरीवर (होंडा पद्धतीत तपकिरी) टेस्ट लॅम्पची एक क्लिप लावा, दुसरी अर्थला. लागला नाही, आणि इंजिन सुरू करताच लागला, तर लाईन एसी आहे. मीटरच्या एसी रेंजवर इथे विसंबू नका. स्वस्तातला मीटर त्या रेंजवर साध्या बॅटरीलाही पंचवीस-सव्वीस व्होल्ट दाखवतो.

यावर डायोड आणि कपॅसिटर लावून एसीचा डीसी करायचा उपाय बरेच जण सांगतात. आमचं मत: त्या फंदात पडू नका. तपकिरी वायरीचं टोक स्लीव्ह (इन्सुलेशनची नळी) घालून बंद करा आणि टेलचा पुरवठा चावीवरच्या पॉझिटिव्हवरून घ्या. होंडा पद्धतीत मागच्या ब्रेक स्विचला येणारी काळी वायर हाताशीच असते. मधे २ अँपिअरचा छोटा फ्यूज टाका. दोन-तीन वॅटचा एलईडी जेमतेम पाव अँपिअर घेतो, बॅटरीला त्याचं ओझं होत नाही. चावी दिली की टेल लागेल एवढाच फरक, आणि तो रस्त्यावर चांगलाच. ग्राहकाला मात्र सांगून ठेवा, नाहीतर तो नवीन बिघाड झाला म्हणून परत येईल.

आता अर्थिंग. ब्रेक दाबला की टेल विझतो, इंडिकेटर दिला की टेल त्याच तालात उघडझाप करतो, ब्रेकबरोबर इंडिकेटरही मंद पेटतात: असलं विचित्र काही दिसलं की सरळ अर्थकडे जा. बल्बच्या दोन्ही फिलामेंटना (आतल्या पेटणाऱ्या तारांना, एक टेलची, एक ब्रेकची) एकच अर्थ असतो. तो तुटला की करंट दुसऱ्या फिलामेंटमधून उलटा शिरून भलत्याच दिव्यातून वाट काढतो. तपासायला मीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि लाल पिन दिव्याच्या अर्थ वायरीवर. कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा. आकडा ०.२ व्होल्टच्या आत हवा. एक-दीड व्होल्ट दिसला तर अर्थ खराब, पुढचं काही शोधायची गरज नाही. मागचा मडगार्ड बऱ्याचदा फायबरचा असतो, त्यामुळे दिव्याचा स्क्रू आवळून अर्थ मिळत नाही. स्वतंत्र वायर चेसिसच्या बोल्टपर्यंत न्या, तिथला रंग घासून पत्रा चकचकीत करा, लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) लावा, आवळा आणि वर थोडं ग्रीस लावा.

बल्बवाला दिवा असेल तर होल्डर उघडून बघा. २१/५ वॅटच्या (ब्रेकला २१, टेलला ५) बल्बच्या दोन पिना मुद्दाम वरखाली असतात, म्हणजे तो एकाच बाजूने बसावा. स्वस्त होल्डरच्या खाचा सैल असतात आणि बल्ब उलटा दाबून बसवता येतो. मग २१ वॅटचा फिलामेंट सतत जळतो, ब्रेक दाबल्यावर फरक कळतच नाही आणि दिव्याची प्लास्टिकची काच आतून तापून वितळते. दिवा लागलेला असतो, त्यामुळे मालकाला शंका येत नाही. मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला मात्र ही गाडी थांबतेय हे पावसातल्या घाटात कळत नाही. म्हणून टेल आणि ब्रेक यांच्या उजेडातला फरक दहा पावलं मागे उभं राहून डोळ्यांनी बघा.

फ्यूज उडत असेल तर नवा फ्यूज टाकत बसू नका. सिगारेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळणं किंवा तार टाकणं तर अजिबात नाही. मग फ्यूजऐवजी वायरिंग जळतं. फ्यूज काढून त्याच्या दोन टोकांत तोच टेस्ट लॅम्प लावा आणि चावी द्या. लॅम्प पूर्ण तेजात पेटला तर कुठेतरी वायर चेसिसला टेकली आहे. आता हार्नेस (वायरींचा जुडगा) सीटपासून मागे हलवत जा. ज्या जागी हलवल्यावर लॅम्प मंद होतो किंवा विझतो, तिथेच टेप उघडा. ठरलेल्या जागा तीन: सीटच्या पत्र्याखाली चिमटलेली वायर, रबर बूच निघालेलं मडगार्डचं भोक आणि डबलसीट बसल्यावर टायर घासतो ती आतली बाजू. फक्त ब्रेक दाबल्यावर फ्यूज जात असेल, तर दोष स्विचच्या पुढच्या वायरीत. एसी टेलच्या गाडीत आणखी एक खूण असते. तिथे टेलची वायर टेकली तर फ्यूज उडत नाही, टेलबरोबर हेडलाईटही बसतो.

ब्रेक लाईट सतत लागलेला असेल तर आधी मागच्या पेडलची स्प्रिंग आणि स्विच बघा. स्विच धरून ठेवायचा आणि नट फिरवायचा. स्विचच फिरवला तर खालची वायर पिळून तुटते. पेडल दाबताना ब्रेक पकडायला लागण्याच्या जरा आधी दिवा लागला पाहिजे. पुढच्या लिव्हरचा स्विच वेगळा तपासा.

शेवटी जोड. जुना पिळाचा जोड उघडला की तांबं काळपट-हिरवं झालेलं दिसतं, चिमटीत धरलं तर भुगा होतो. कोकणातल्या दोन पावसाळ्यांत एवढं होतंच, कारण इन्सुलेशनच्या आतून पाणी तारेवर चढत जातं. चमकदार तांबं लागेपर्यंत वायर मागे कापा, भले चार इंच जाऊ देत, आणि ०.५ चौरस मिलिमीटरचा तुकडा जोडा. स्लीव्ह आधी वायरीत ओवायची, मग डाग द्यायचा (सोल्डरिंग करायचं). हे विसरून जोड पुन्हा तोडावा लागतो. डाग दिलेली जागा कडक होते, म्हणून ती हलत्या भागात ठेवू नका. दिव्याजवळ डाग नकोच, कपलर (हाताने काढता-घालता येणारा जोड) लावा. पुढच्या वेळी दिवा काढणाऱ्याला कापाकापी करावी लागणार नाही.

दिव्यात इंडिकेटरही असतील आणि ते भराभर उघडझाप करत असतील, तर एलईडीला चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर (उघडझाप करवणारी डबी) टाका. रेझिस्टर लावू नका, तो तापून शेजारचं प्लास्टिक वितळवतो.

गाडी देण्याआधी इंजिन चालू ठेवून हँडल दोन्ही टोकांना वळवा, सीटवर दोघं बसा, दिव्यावर पाण्याचा पाईप धरा आणि पुढचा-मागचा ब्रेक वेगवेगळा दहा-दहा वेळा दाबा. रात्री नंबर प्लेटवर पांढरा उजेड पडतो का तेही बघा. बऱ्याच बाजारातल्या दिव्यांना खालची पारदर्शक खिडकीच नसते, मग प्लेटसाठी छोटा वेगळा दिवा लावावा लागतो. आणि कोणती वायर कुठून घेतली ते कागदाच्या चिठ्ठीवर लिहून, वर पारदर्शक टेप मारून, हार्नेसला बांधून ठेवा.