ठरलेली पोटगी मुलाला अपुरी पडू लागली तर

मूल बालवाडीत असताना समजुतीच्या अटींत (दोघांनी आपसात ठरवून न्यायालयात दिलेल्या अटींत) लिहिलेला आकडा ते आठवीत गेल्यावर पुरत नाही. तरीही ‘सही तर आपणच केली होती’ म्हणून कितीतरी आया गप्प बसतात. गप्प बसण्याची गरज नाही. हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम, 1956 च्या कलम 25 नुसार परिस्थिती बदलली की पोटगीची रक्कम बदलता येते, मग ती न्यायालयाने ठरवलेली असो वा आपसातल्या कराराने. ‘मुलासाठी पुढे काही मागणार नाही’ असे आईने लिहून दिले असले तरी मुलाचा हक्क बुडत नाही. तो हक्क मुलाचा आहे, आईला तो सोडून देता येत नाही.

सर्वात आधी हुकूमनाम्याची आणि त्याला जोडलेल्या अटींची प्रमाणित नक्कल काढा. तिच्यात दोन गोष्टी शोधायच्या.

पहिली, वाढीचे कलम आहे का? ‘दरवर्षी 10 टक्के वाढ’ असे लिहिलेले असेल तर नवा अर्ज नको, थेट वसुलीला जा. इथे एक खोच असते. 8,000 रुपयांवर मूळ रकमेच्या 10 टक्के धरले तर पाच वाढींनंतर 12,000 होतात. वाढीवर वाढ धरली तर सुमारे 12,884. अटीत हे स्पष्ट नसेल तर वाद ठरलेलाच, म्हणून वसुलीच्या अर्जात दोन्ही हिशेब मांडा.

दुसरी, आदेश कोणत्या कलमाखाली झाला? घटस्फोटाच्या दाव्यातला असेल तर हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 खाली त्याच न्यायालयात बदलाचा अर्ज करता येतो. जुन्या फौजदारी संहितेच्या कलम 125 खालचा असेल तर पूर्वी कलम 127 लागायचे. 1 जुलै 2024 पासून त्याच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 146 आहे. हा मार्ग सर्व धर्मीयांना खुला आहे. कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालचा आदेश त्या कायद्याच्या कलम 25(2) ने बदलतो.

अर्ज टिकतो तो तुलनेवर. नुसते ‘महागाई वाढली’ लिहून भागत नाही. कागदावर दोन रकाने आखा, आदेशाच्या वेळचा खर्च आणि आजचा: शाळेची फी, व्हॅन, शिकवणी, औषधे, घरभाड्यातला मुलाचा वाटा. प्रत्येक आकड्यासमोर पावती हवी. पावती नसलेला आकडा फुगवून लिहू नका. उलटतपासणीत तो एक आकडा पडला की बाकीच्यांवरचाही विश्वास जातो. मुलाच्या वडिलांची बढती, नवी नोकरी, घर किंवा गाडीची खरेदी यांपैकी जे ठाऊक असेल ते तारखेसह लिहा.

सर्वोच्च न्यायालयाच्या 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या प्रकरणात दोन्ही पक्षांनी मालमत्ता, उत्पन्न आणि देणी यांचे प्रतिज्ञापत्र द्यायचे असते. तुमचे स्वतःचे उत्पन्नही त्यात पूर्ण दाखवा. आधीचे सगळे पोटगीचे आदेश नमूद करणे बंधनकारक आहे; लपवलेला आदेश समोरून बाहेर आला तर अर्ज तिथेच लंगडा होतो. वाढ साधारणपणे अर्जाच्या तारखेपासून मिळते, मागच्या वर्षांची नाही. म्हणूनच शाळा बदलली, आजारपण आले की लगेच अर्ज करा. स्त्रिया आणि मुलांना उत्पन्नाची अट न लावता जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो.

थकबाकीचा मार्ग वेगळा. जुन्या संहितेच्या कलम 125 किंवा आता त्याच्या जागी आलेल्या नव्या संहितेच्या कलम 144 खालच्या आदेशाची रक्कम देय झाल्यापासून एका वर्षात वसुलीचा अर्ज झाला नाही, तर त्या रकमेसाठी वॉरंट निघत नाही. दिवाणी हुकूमनाम्याच्या दरखास्तीला, म्हणजे तो अमलात आणण्याच्या अर्जाला, 12 वर्षांची मुदत असते आणि पगारावर जप्ती आणता येते. पोटगीच्या बाबतीत पगाराचा एक तृतीयांश भाग तेवढा जप्तीतून सुटतो. पैसे बँकेतूनच घ्या. रोख दिले-घेतलेले पैसे नंतर कुणालाच सिद्ध करता येत नाहीत. आणि पैसे थकले म्हणून मुलाची भेट अडवू नका. भेटीचा आदेश स्वतंत्र असतो, तो मोडल्याचा ठपका तुमच्यावर येतो, शिवाय मुलाचे मन दुखते ते वेगळेच.

देणाऱ्याची नोकरी गेली असेल तर त्यालाही रक्कम बदलण्याच्या याच कलमांखाली ती कमी करून मागता येते. मात्र आधी अर्ज करावा. स्वतःच्या मनाने हप्ता बंद केला तर आदेश बदलेपर्यंतची सगळी रक्कम थकबाकी म्हणून चढत राहते.

मूल 18 वर्षांचे झाले की हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम 26 चा आधार संपतो. मुलीला मात्र दुसरा आधार आहे. अविवाहित आणि स्वतःचा निर्वाह करू न शकणारी हिंदू मुलगी 18 नंतरही 1956 च्या अधिनियमाच्या कलम 20(3) खाली पोटगी मागू शकते, पण तो अर्ज तिने स्वतःच्या नावाने करायचा.