कॉलेजात फ्लू पसरू नये म्हणून काय काय करायचं

पावसाळा सरता सरता आणि परत जानेवारी ते मार्च, असा वर्षातून दोनदा आपल्याकडे फ्लू जोर धरतो. नाशिकची कॉलेजं नेमकी तेव्हाच गजबजलेली असतात, आधी गणपती आणि ढोल पथकाचा सराव, मग गॅदरिंग, सबमिशन, ओरल. ताप अंगात असताना पोरं वर्गात येतात ती बेफिकीर म्हणून नाही हो, अटेंडन्स जाईल या धास्तीने येतात. म्हणून सुरुवात तिथूनच करायची.

स्टेप १: आजारी माणसाला रूमवर थांबता येईल अशी सोय आधीच करा

७५ टक्के अटेंडन्सची टांगती तलवार असेल तर कुणीच घरी बसणार नाही. सीआरने, म्हणजे वर्गाच्या प्रतिनिधीने, सेमिस्टर सुरू होतानाच क्लास टीचरशी बोलून ठेवावं, डॉक्टरची चिठ्ठी नंतर दिली तर चालेल का, बुडालेलं प्रॅक्टिकल दुसऱ्या बॅचसोबत करता येईल का. नोट्सचे फोटो रोज ग्रुपवर टाकायला दोन जण ठरवून घ्या. आणि सर-मॅडम, तुम्हालाही कळकळीची विनंती, तापलेल्या पोराला "सही करून जा" म्हणून बोलावू नका. फ्लू झालेला माणूस लक्षणं दिसायच्या एक दिवस आधीपासून पुढे ५ ते ७ दिवस दुसऱ्याला आजार देऊ शकतो, त्यातले पहिले ३-४ दिवस सगळ्यात वाईट.

स्टेप २: लस

व्हायरस रूप बदलत राहतो म्हणून लस दरवर्षी घ्यावी लागते आणि ती अंगी लागायला साधारण दोन आठवडे जातात, म्हणजे साथ आल्यावर धावपळ करून उपयोग नाही, पावसाळ्याच्या तोंडावर घेतलेली बरी. २००९ ला पुण्यात शाळा-कॉलेजं बंद पाडणारा स्वाईन फ्लू, तो एच१एन१, आता दरवर्षीच्या फ्लूमधलाच एक झालाय आणि या लसीत तोही येतो. दमा, डायबेटिस, सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारून घ्याच. सुरगाणा, पेठ, कळवण या आदिवासी तालुक्यांकडून शिकायला आलेल्या मित्रांमध्ये कुणाला सिकलसेल असेल तर त्याला मुद्दाम आठवण करा.

स्टेप ३: हॉस्टेलची रूम, खरी लढाई इथे आहे

कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मागच्या गल्ल्यांतली पीजी डोळ्यासमोर आणा, छोटीशी खोली, तीन कॉट, एक खिडकी आणि ती पण थंडीमुळे घट्ट लावलेली. नाशिकची थंडी कडक असते हे मान्य, तरी खिडकी चार बोटं उघडी ठेवा आणि दिवसा दारही उघडं, हवा आरपार गेली पाहिजे. आजारी माणसाची कॉट खिडकीपाशी, बाकीच्या जमतील तेवढ्या लांब, आणि उशा उलटसुलट ठेवा म्हणजे एकाचं डोकं तिथे दुसऱ्याचे पाय.

मग पाण्याचा जार बघा. त्यावर उपडा घातलेला स्टीलचा एकच ग्लास असतो, येईल तो त्यानेच पाणी पितो, तो ग्लास आजच बाजूला करा आणि प्रत्येकाने आपली बाटली घ्या. टॉवेल, इअरफोन, चमचा वेगळा. दाराची कडी, लाइटची बटणं, बादलीचा कान, नळ दिवसातून एकदा साबणाच्या पाण्याने पुसा, कारण अशा टणक जागी हा व्हायरस एक-दोन दिवस तग धरतो. आजाऱ्याला मेसला पाठवू नका, डबा कुणीतरी दाराशी आणून द्यावा आणि आल्यावर साबणाने २० सेकंद हात धुवावेत.

ताप आला की पहिलं मन होतं गावी पळायचं. पण सीबीएस स्टँडवरून खच्चून भरलेल्या एसटीत तीन तास खोकत जायचं आणि घरी आजी-आजोबा, असं असेल तर रूमवर काळजी घेणारं कुणी आहे तोवर थांबा. जावंच लागलं तर पूर्ण वेळ मास्क आणि खिडकीची सीट.

स्टेप ४: वर्ग, लॅब, टपरी

वर्गाच्या खिडक्या उघड्या, पंखे चालू. खोकला आला तर कोपरात, तळहातावर नाही, कारण तोच हात पुढे बायोमेट्रिकवर आणि लॅबच्या कीबोर्डवर जातो. सॅनिटायझर किमान ६० टक्के अल्कोहोलचं. टपरीवर एका कटिंगमध्ये दोघं, हे साथीत बंद.

स्टेप ५: डॉक्टरकडे कधी

बहुतेक जण आराम, भरपूर पाणी, पेज, पॅरासिटामॉल यावर आठवड्यात बरे होतात. अँटिबायोटिक व्हायरसवर चालत नाही, उगाच मेडिकलवाल्याकडून घेऊ नका. अकरावी-बारावीच्या मुलांना ॲस्पिरिन अजिबात नको. फ्लूचं खास औषध पहिल्या ४८ तासांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं, म्हणून वर सांगितलेले आजार असतील तर वाट बघू नका. धाप लागली, छातीत दुखलं, ओठ निळसर दिसले, असंबद्ध बडबड सुरू झाली, किंवा उतरलेला ताप परत जोरात चढला तर सरळ सिव्हिल किंवा जवळचं हॉस्पिटल, गाडी नसेल तर १०८.

स्टेप ६: परत कधी यायचं

पॅरासिटामॉल न घेता पूर्ण २४ तास ताप नाही, तेव्हाच. गोळी खाऊन दोन तासांपुरता ताप उतरवून ओरलला बसणं म्हणजे बाकीच्या बॅचला आजार वाटणं आहे. कोरडा खोकला पुढे दोनेक आठवडेही राहतो, त्यासाठी घरी बसायची गरज नाही, काही दिवस मास्क लावा. ग्राउंडवर मात्र लगेच पळायला जाऊ नका, अंगात ताकद आल्यावर जा.