पाण्याकाठच्या हॉटेलात वाइनची यादी वाचताना या चुका टाळा

खडकवासला, मुळशी किंवा पवनेच्या पाण्याकाठी जेवायला येणारे बहुतेक गिऱ्हाईक सुट्टीच्या दिवशी येते आणि पुढे वर्षभर फिरकत नाही, त्यामुळे तिथल्या काही मालकांना वाइनची यादी काळजीपूर्वक करण्याची गरज वाटत नाही. ती काळजी मग आपल्यालाच घ्यावी लागते.

सर्वांत मोठी चूक म्हणजे यादीच्या लांबीवरून तिचा दर्जा ठरवणे. चाळीस नावांच्या यादीतल्या बऱ्याच बाटल्या महिनोन्महिने फळीवर उभ्या असतात, आणि एप्रिल-मे महिन्यांत पुण्याचा पारा चाळिशीला टेकतो तेव्हा न थंडावलेल्या कोठीत वाइन अक्षरशः शिजते. अशा बाटलीचे बूच कधी किंचित वर सरकलेले असते, त्याच्याभोवती चिकट ओघळ दिसतो आणि चव मुरांब्यासारखी जड लागते. दहा-बाराच नावे, पण प्रत्येकापुढे उत्पादक, द्राक्षाची जात आणि साल दिलेले, अशी यादी मी केव्हाही अधिक भरवशाची मानतो.

सालाकडे दुर्लक्ष करणे ही दुसरी चूक. नाशिक आणि अकलूज भागांतली वाइनची द्राक्षे साधारण जानेवारी ते मार्चमध्ये उतरतात आणि लेबलवरचे साल त्याच हंगामाचे असते. शेनिन ब्लाँ किंवा सोव्हिन्याँ ब्लाँ यांसारख्या आपल्याकडच्या पांढऱ्या वाइनची मजा ताजेपणात असते, म्हणून चार-पाच वर्षांपूर्वीची बाटली जुनी आणि म्हणून उत्तम, असे कोणी सांगितले तर ती घेऊ नये. बूच काढण्यापूर्वी लेबल दाखवायला सांगावे. यादीतल्यापेक्षा वेगळे साल आले असेल तर तेव्हाच नाही म्हणणे सोपे असते.

यादी कोणी जाणकाराने केली आहे की नाही, हे मथळ्यांवरूनही कळते. शॅम्पेन हे नाव फ्रान्समधल्या त्याच प्रदेशातल्या फेसाळ वाइनला लागू होते, आणि शाब्ली हा प्रदेश आहे, द्राक्षाची जात नव्हे. तिथे शार्दोने पिकते. नाशिकची फेसाळ वाइन ‘शॅम्पेन’ या मथळ्याखाली छापलेली दिसली, तर बाकीच्या नोंदींवरही जपूनच विश्वास ठेवावा.

ग्लासाने मागवताना माप न विचारणे ही चूक खिशाला लागते. ७५० मिलीच्या बाटलीत १५० मिलीचे पाच ग्लास होतात. एका ग्लासाला ६०० रुपये आणि बाटलीला २,४०० रुपये असतील, तर चौथ्या ग्लासालाच बाटलीची किंमत वसूल होते, आणि चार-पाच ग्लास लागणार असतील तर बाटलीच परवडते. बाटली कधी उघडली हेही विचारावे, कारण फ्रीजमध्ये ठेवूनही ती तीन ते पाच दिवसांपलीकडे चांगली राहत नाही.

जेवण तिखट असेल तर महागडी, तुरट लाल वाइन टाळावी. मिरचीपुढे तुरटपणा आणि अल्कोहोल दोन्ही बोचतात. तळलेल्या सुरमईसोबत थंड शेनिन ब्लाँ उत्तम जमते.

लाल वाइन कोमट आली, तर संकोच न करता बर्फाची बादली मागवावी. लाल वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी असे म्हणतात, पण ते तापमान म्हणजे उन्हाळ्यातली गच्ची नव्हे, १६ ते १८ अंश सेल्सिअस पुरे. बादलीत दहा मिनिटांत फरक पडतो. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर ते बुचातून आलेल्या दोषाचे लक्षण आहे, आणि पहिल्या घोटालाच सांगून बाटली बदलून घ्यावी. केवळ चव आवडली नाही म्हणून ती परत करता येत नाही.

बिल आल्यावर वाइनच्या ओळीवर जीएसटी लावलेला नाही ना, हे पाहावे, कारण दारू जीएसटीच्या बाहेर आहे आणि तिच्यावर राज्याचा व्हॅट लागतो. सेवा शुल्क २०२२ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार ऐच्छिक आहे. ते द्यायचे नसेल तर बिलातून काढून घेण्यास सांगावे.