फ्लॅटमधलं ऑर्किड: उन्हाळ्यात ट्रे, पावसाळ्यात पंखा

ऑर्किडला दमट हवा लागते, असं कुणीतरी सांगतं आणि लोक ह्युमिडिफायर आणायला धावतात. मी म्हणते, आधी हायग्रोमीटर, म्हणजे हवेतली आर्द्रता मोजणारा मीटर, आणा. काही शे रुपयांत मिळतो. तो शोकेसमध्ये नाही, कुंड्यांशेजारी ठेवायचा. कोथरूडच्या आमच्या हॉलमध्ये एप्रिलच्या दुपारी तो पंचविशीत येतो आणि जुलैत ऐंशीच्या खाली उतरायला तयार नसतो. फॅलेनॉप्सिसला, म्हणजे फ्लॅटमध्ये सर्रास दिसणाऱ्या ऑर्किडला, हवी 50 ते 70 टक्के आर्द्रता. त्यामुळे पुण्यात एकच एक नियम वर्षभर चालत नाही.

उन्हाळ्यात स्प्रेच्या बाटलीवर विसंबू नका, दहा-पंधरा मिनिटांत सगळं जैसे थे. कुंड्या जवळजवळ ठेवा. खाली खडे घातलेला ट्रे, खड्यांच्या वर येणार नाही इतपतच पाणी. कुंडीचा तळ भिजता कामा नये. घरात वाळ्याचा कूलर असेल तर वेगळं मशीन कशाला? मशीन घेतलंच, तर त्यात बोअरचं किंवा टँकरचं पाणी घालू नका. जड पाण्याची पांढरी पूड पानांवर बसते.

खरी परीक्षा पावसाळ्यात. तेव्हा दमटपणा फुकट मिळतो, पण हवा हलत नाही आणि कूज लागते. छोटा टेबलफॅन मंद गतीवर, तोंड भिंतीकडे, रात्रीसुद्धा चालू. पाणी सकाळीच घाला. मधल्या पानांच्या बेचक्यात थेंब राहिला तर टिश्यू पेपरच्या टोकाने टिपून घ्या; रात्रभर राहिला तर गाभाच सडतो. पाणी कधी घालायचं हे पारदर्शक कुंडीतून दिसतं: मुळं रुपेरी झाली की घाला, हिरवी असतील तर थांबा.

ढगाळ दिवसांत खिडकीचा उजेड पुरत नाही. 20 वॅटची साधी पांढरी एलईडी ट्यूब, 6500 केल्विनची, पानांपासून फूटभर वर, टायमरवर बारा तास. जांभळे ‘ग्रो लाइट’ मला पटत नाहीत. घराचा ऑर्केस्ट्रा बार होतो, हे एक. शिवाय त्या उजेडात पानांचा खरा रंग कळत नाही, आणि तोच तर बघायचा असतो. पान गर्द हिरवं म्हणजे उजेड कमी, लालसर छटा आली म्हणजे जास्त. पोपटीकडे झुकणारं हिरवं उत्तम. दिव्याने हवा थोडी तापते आणि आर्द्रता उतरते, तेव्हा आकडा दिवा चालू असताना वाचा. रात्री मात्र पूर्ण अंधार.

डिसेंबरात कुंडी रात्री खिडकीजवळ सरकवा. काही आठवडे रात्रीचं तापमान 16-18 अंशांवर आलं की फुलाचा दांडा फुटतो. नवं मूळ गोल, गुळगुळीत टोकाचं असतं. दांड्याचं टोक चपटं, जरा खाचेचं. दांडा दिसला की कुंडीची दिशा बदलू नका, नाहीतर उजेडामागे वळत तो नागमोडी वाढतो.